टाचणीचे सात ठिपके

श्रीरामपूर,
ता. १६ जानेवारी १९७१

श्री. गुरुजींस,

नमस्कार. मी इथे ठीक आहे, तिकडे सगळे ठीक असतील. परवा संक्रांत झाली. दवाखान्यातल्या आम्ही बायकांनी आपसातच तिळगूळ वाटला. आमच्या हातचा बाहेरचं कोणी घेत नाही, त्यामुळे भरपूर पुरला. गोड बोला म्हणतात. बघते कितपत जमतंय.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. तीन वर्षांतलं पहिलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि कारण नसताना आधी केस सारखे केले. वाटलं, न्यायला येताय. फोडून पाहिलं तर सगळ्या मिळून सहा ओळी. आपल्या पुष्पाच्या डाव्या गालावर रुपयाएवढा फिकट डाग आलाय, शिबं असेल, तरी ‘तिकडच्या त्या पांढऱ्या गोळ्या’ पोस्टाने धाडाव्यात, घरच्या पत्त्यावर नको, शाळेच्या पत्त्यावर, आणि पाकिटावर दवाखान्याचा शिक्का नको. कशी आहेस, एवढे दोन शब्द सातव्या ओळीत मावले असते.

शिक्का मारलेला नाही. आधी कार्डच लिहायला घेतलं होतं. आपला पोस्टमन पुंजाराम कार्ड वाचत वाचत आणतो आणि घरी पोचायच्या आत चार ओसऱ्यांवर सांगून मोकळा होतो, हे आठवलं आणि फाडून टाकलं.

गोळ्या पाठवत नाही. का ते सांगते, शेवटपर्यंत वाचा.

इथलं वर्तमान असं, की माझा आजार आता थांबला आहे. माझ्यापासून कोणाला धोका नाही, घरी जायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला दोनदा कळवलं. तुमचं उत्तर नाही. मग मी इथेच कामाला लागले. सहादेव म्हणून एक जण आहे, कातडी तपासायचं काम करतो. तोही आमच्यातलाच, एका पायाला बोटं नाहीत. त्याच्या हाताखाली मी नवीन आलेल्यांना डोळे झाकायला लावते आणि कोंबडीचं पीस अंगावरून फिरवते. पीस कुठे लागलं ते त्यांनी बोट ठेवून दाखवायचं. काही जण बोट ठेवतच नाहीत, पीस लागायची वाट बघत बसतात.

तुम्ही चुलीपाशी बसून मला वर्गातला पाठ म्हणून दाखवायचात, आठवतं? मी भाकरी थापत असायचे. चेतापेशी दोन तऱ्हेच्या, एक कातडीकडची खबर वर नेणारी, दुसरी वरचा हुकूम स्नायूला पोचवणारी. पेशीचं घर कण्यापाशी, पण तिचा एकच धागा तिथून निघतो तो थेट करंगळीच्या टोकापर्यंत. मी म्हटलं, “येवढी बारीक आन् येवढी लांब?” तुम्ही हसलात आणि म्हणालात, “आमच्या वर्गात कुनी आसं इचारत न्हाई.” तो दिवस मी जपून ठेवला होता. अजून टाकवत नाही.

एक गोष्ट तुम्ही शिकवली नव्हती, ती सहादेवने सांगितली. त्या धाग्याभोवती दुसऱ्या पेशी गुंडाळलेल्या असतात, त्याची राखण करायला. महारोगाचे जंतू नेमके त्या राखणदारांच्या पोटात बिऱ्हाड करतात. मग शीर सुजते आणि आतला धागा गुदमरून मरतो. वरून महिनोन्‌महिने काही दिसत नाही. हे ऐकताना मला कोण आठवलं ते लिहीत नाही.

हो, महारोग. तुम्ही पत्रात ‘तो आजार’ लिहिलंय. इथे आम्ही नाव घेतो.

माझ्या हातातली खबर वर पोचायची बंद झाली, तेव्हा आपल्या घरात त्याचं काय कौतुक झालं! तवा मी पदर न घेता उतरवायचे. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “लंकाच्या हाताला चटकाच बसत न्हाई. लई पुन्यवान हात हाय.” आळीत लग्न असलं की उकळत्या आमटीचं पातेलं उतरवायला माझ्या नावाने हाक यायची. सासूबाईंना दोष देत नाही, त्या शाळेत गेल्या नव्हत्या. मलाही ते आवडायचं. दंडावरचा चट्टा मी लांब बाहीच्या चोळीत झाकला आणि पुण्यवान म्हणवून घेतलं. माझं खोटं ते एवढं.

आता तुमचं.

राहीवन्संची सोयरीक कोल्हारला जमत होती, त्या चैत्रातली गोष्ट. रविवारी दुपारी मी ओसरीवर पडले होते. डोळे उघडले तर तुम्ही शेजारी, हातात पेपरांना लावायची टाचणी, तोंड पांढरंफटक. म्हणालात, “काय न्हाई, मुंगी हुती.” माझ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताचे सात ठिपके होते. मुंगी ओळीने चावत नाही एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण नवरा मुंगी म्हणाला म्हणजे मुंगी.

इथे आल्यावर पहिल्याच दिवशी सहादेवने मला डोळे झाकायला लावले. उघडले तेव्हा त्याच्या हातात टाचणी होती आणि माझ्या हातावर तसेच ठिपके. मी हात ओढून पदराखाली घेतला. त्याला वाटलं, रक्त बघून घाबरले.

तुम्हाला कळलं होतं. सात वेळा टोचून खात्री केली होती. आधी वन्संचं लग्न होऊ दे म्हणून गप्प बसलात, मग त्यांचं पहिलं बाळंतपण होऊ दे म्हणून. बोलायला लागलात तेव्हा माझी करंगळी आणि शेजारचं बोट आकड्यासारखं वळलं होतं आणि भाकरी हातात तुटायला लागली होती. मग पंधरा दिवसांत न्यायला येतो म्हणून मला इथे सोडलंत. वहीत नुसतं लंकाबाई लिहा, नवऱ्याचं नाव नको, हेही तुम्हीच कारकुनाला सांगितलंत.

सहादेव म्हणाला होता, “ताई, दोन वर्सं आदी आल्या आसत्या तर बोटं वाचली आसती. घरात कुनाला कळलंच न्हाई का?” मी म्हटलं, “न्हाई. कुनालाच न्हाई.” अजूनही इथे सगळ्यांना तेच माहीत आहे.

माझ्या बोटांचं जे झालं ते झालं. पुष्पाच्या गालाचं तसं होऊ देणार नाही. पापणी मिटवणारी शीर गालावरूनच जाते. माझ्या शेजारच्या खाटेवर रंगूबाई आहे. तिचा डावा डोळा मिटत नाही, झोपेतही उघडा असतो. धूळ जाऊन जाऊन त्यात फूल पडलं, आता दिसत नाही. तिचंही गालावरच्या डागावरूनच सुरू झालं होतं. घरच्यांना शिबं वाटलं होतं.

देव करो आणि पुष्पाचं खरंच शिबं असो. मग गोळ्यांची गरजच नाही. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. तपासायचं कसं ते पत्रात लिहिता आलं असतं, पण तुमच्या हाती पुन्हा टाचणी द्यायची माझी तयारी नाही. पोर नऊ वर्षांची आहे. तिला तुम्ही मुंगीच सांगाल.

पोरीच्या जातीचं आहे, बोभाटा झाला तर लग्न कसं होईल, असं तुम्ही म्हणणार. वेळेवर औषध सुरू झालं तर डाग जातो, मागे काही राहत नाही. बोभाटा होतो तो माझ्यासारखीचा, जिला लपवली तिचा.

तेव्हा सोमवारी, पंचवीस तारखेला, तिला घेऊन या. पारनेरहून सकाळच्या गाडीने नगर, तिथून श्रीरामपूर. मला भेटू नका, हरकत नाही. तिने ओळखलं नाही तर मी कोण ते सांगू नका, तेही चालेल. पीस फिरवणारी बाई म्हणून तिच्या गालाला हात लावीन, तेवढं मला पुरे.

नाही आलात, तर मंगळवारी सव्वीस तारीख आहे. झेंडावंदनाला सगळं गाव शाळेच्या मैदानावर असतं आणि तुम्ही पोरांपुढे उभे असता. त्या दिवशी मीही असेन. पुष्पाच्या डागाचा शब्द काढणार नाही, तिला अंगाशी धरून गाडीत बसवीन, एवढंच. पण बायका विचारतील, कोण गं तू, कुणाची. आजवर तुमचं नाव मी उखाण्यातच घेतलं, तेही लाजत. त्या दिवशी हात वर करून घेईन, हा वळलेल्या बोटांचा हात, म्हणजे मागच्यांनाही दिसेल.

सराव म्हणून खाली एकदा लिहून बघते.

लंकाबाई मच्छिंद्र औटी