अंगठा कुठे थांबतो

५ डिसें., सोम.
पूजा उरकून मिनूला बसवलं. मी फुलवाती वळता वळता शब्द वाचते, ती डोळे मिटून त्याचं स्पेलिंग सांगते. एकेका अक्षराला अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर, मी जप करते तसा. दुसरीत होती तेव्हा मीच शिकवलं, कागद खर्च होत नाही म्हणून. अक्षर निसटलं की अंगठा भलत्याच पेरावर थांबतो, तिचं तिलाच कळतं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. अर्थ लागत नाही, पण अक्षरं बघून चूक धरते.

राजधानी झाल्यापासून रायपुरात सगळंच 'प्रदेश स्तर'. परवा स्पेलिंगची प्रदेश फेरी, रविवारी अंतिम. त्यातून दोनच मुलं दिल्लीला. मिनू सहावीत, बाकीचे बहुतेक आठवीचे.

हे म्हणाले, "आपल्या गुढियारीची पोट्टी दिल्लीले गेली तं आमच्या अख्ख्या मालगोदामात पेढे वाटीन." कोणाच्या घरखर्चातून, ते नाही बोलले.

७ डिसें., बुध.
मिनू अंतिम फेरीत. गणपतीची कृपा.

पण शेवटच्या शब्दाला... लिहावं की नाही. घरी मीच कितीदा वाचलेला शब्द. चांगली म्हणत आली अन् टोकाशी अडली. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्याच रांगेत. मग आणखी एक अक्षर म्हणाली, टाळ्या. खाली बघते तर माझा अंगठा पेरांवर. कधी चालू झाला, समजलंच नाही.

शेजारी तेलीबांध्याच्या एक बाई. त्यांचा मुलगा नुकताच बाद झालेला. माझ्या हाताकडे पाहून राहिल्या होत्या. मी हात पदराखाली घेतला. घ्यायला नको होता.

घरखर्चाचा हिशेब आज लिहिला नाही.

८ डिसें., गुरु.
शाळेतून निरोप, दोघांनी या. मिनूच्या इंग्रजीच्या थॉमस मॅडम, त्यांनीच तिचं नाव दिलं होतं. म्हणाल्या, तक्रार आली आहे, "मदर इशारा कर रही थी।" मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "मॅडम, ये तो दिनभर जप करती है। सब्जी लेते-लेते भी उंगली चलती रहती है।" मॅडम हसल्या. "मैं भी रोज़री की माला फेरती हूँ, समझ गई। कमेटी को लिख देती हूँ।" मिटलं.

परत येताना हे खूश. "पाहिलं? जपाचा असाही फायदा असते."

संध्याकाळी देवापुढे बसले. अंगठा पहिल्या पेरावर ठेवला, पण नाव तोंडातून निघेना. जप नव्हता तो. मले माहीत आहे.

९ डिसें., शुक्र.
मिनू शाळेतून आली. जेवायला वाढलं, मग विचारलं, "परवा माझ्याकडे काहून पाहिलं तू?"
"ऐसे ही।"
"मिनू."
"आपका अंगूठा रुका नहीं था। तो समझ गई, एक और है।" पोळीचा तुकडा मोडत, अगदी सहज. "आपने ही तो दिखाया।"
म्हटलं, मी दाखवलं नाही.
"तो हाथ छुपाया क्यों?"

मग हात पाठीमागे धरायला लावून शब्द विचारले. साधे साधे चुकली. रडायलाच लागली, "हाथ के बिना नहीं आता मुझे!" शेजारच्या साहू भाभी धावत आल्या. "का होगे दीदी, नोनी ला मारत हस का?" म्हटलं, पोरीला मारत नाही, पढाई चालू आहे. "हव? ये पढ़ई ले तो मार बने हे।" ह्या अभ्यासापेक्षा मार बरा, हे ऐकून मिनूसुद्धा रडता रडता हसली. पण नंतर एकही शब्द बरोबर आला नाही.

१० डिसें., शनि.
सकाळी ह्यांना सांगितलं, मॅडमकडे जाते, खरं काय ते सांगते. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.
"मिटलेलं काहून उकरून राहिली?"
"देवाचं नाव पुढे करून मिटवलं म्हणून."
"तुझ्या देवाले राग आला का? मले तं काही बोलला नाही तो." मग आवाज खाली आणून, "चार वर्षं घासून राहिली पोट्टी. तिचं काय?"

तरी गेले.

मॅडमनी ऐकून चष्मा काढला. "बात खत्म हो गई थी। अब क्यों बता रही हैं?" मी म्हटलं, वो जप नहीं था. पुढे हिंदी सुचेना. त्यांनी आत जाऊन फोन केले. मी दारातच उभी. शेवटी ठरलं ते असं: उद्या अंतिम फेरीआधी मिनूला एकटीला एक नवा शब्द. हात पाठीमागे. मी सभागृहाच्या बाहेर. बरोबर आला तर फेरीत बसेल, नाहीतर नाव कमी.

घरी सांगितलं. मिनू भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "आपको भगवान के यहाँ नंबर चाहिए थे। मेरे वाले कट गए।"

दुपारी आतल्या खोलीतून आवाज. दाराच्या फटीतून पाहिलं. एकटीच उभी, हात पाठीमागे, शब्द म्हणून राहिली होती, आणि एकेका अक्षराला पायाचं बोट फरशीवर दाबून राहिली होती. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी शिकवलेलं नाही हे. पायांबद्दल कमेटी काही बोलली नाही. बुटात कोणाला दिसणारही नाही. आणि दिसलं तरी स्वतःचं स्वतः मोजायला बंदी कुठे आहे?

कोणाला सांगितलं नाही. पाऊल न वाजवता मागे आले.

११ डिसें., रवि.
सभागृहाबाहेरचा बाक. वही घेऊन आले मुद्दाम. हातात पेन असला म्हणजे अंगठा पेरांवर जायचा नाही.

मिनू ह्यांच्याबरोबर आत गेली. दारात स्वेटर काढून माझ्याकडे दिला. "पकड़ो।" कालपासूनचा हा पहिला शब्द.

तेलीबांध्याच्या बाई आल्या, मुलाला अंतिम फेरी दाखवायला. मला बघून थांबल्या. "आप अंदर नहीं जाएँगी?" म्हटलं, नाही. "देखिए, मैंने तो जो देखा वही बोला।" म्हटलं, "सही देखा।" त्यांनी मुलाला आत पाठवलं अन् बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आत का नाही गेल्या, माहीत नाही.

स्पीकर बाहेरही आहे. खरखर फार.

फेरीआधी मिनूचं एकटीचं नाव घेतलं.

शब्द सांगितला. मी कधी वाचून दाखवलेला नाही हा. तिने परत विचारला. पुन्हा सांगितला.

म्हणून राहिली आता. पहिलं अक्षर. दुसरं. आवाज बारीक आहे, पण कापत नाही. बाई पण मान खाली घालून ऐकून राहिल्या.

आणखी एक. आणखी.

थांबली.

संपला शब्द, की अडली? मले इथून कळून नाही राहिलं. आत कोणी टाळी वाजवत नाही, कोणी 'चूक' पण म्हणत नाही. पेन सोडत नाही मी. आलं तरी तिचं, गेलं तरी तिचं, माझा अंगठा नाही त्यात. लिहून राहिली.