साडेबाराची प्रार्थना

रामला
शुक्रवार, २९ ऑगस्ट १९५८

प्रिय जूडिथ,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आईंना आता उठून बसता येतं, पेजेबरोबर थोडा मासाही चालतो हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. माझी तब्येत ठीक आहे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम नेहमीसारखंच. शेजारची शुलामित दर शुक्रवारी नारळाच्या दुधातली आमटी पाठवते, मी नको म्हटलं तरी. घर झाडून ठेवतो. तू मार्चमध्ये माहेरी जायला बोटीवर चढताना दोन महिन्यांत येते म्हणाली होतीस. सहा होत आले. लवकर ये म्हणून हे लिहीत नाही. आईंना तुझी गरज आहे, आणि तुलाही इथून थोडं लांब राहायची गरज होती, हे मला कळतं.

तुझ्या पत्रांत तू आपल्या मोझेसचं नाव लिहीत नाहीस. ‘तो’ एवढंच लिहितेस. ते वाचलं की मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवतो.

आज मला तुला फुटबॉलबद्दल लिहायचं आहे. हसू नकोस. ज्या माणसानं आयुष्यात एक मॅच पाहिली नाही, त्याला आता हपोएल तेल अवीवचा गोली कोण आणि मक्काबीच्या फॉरवर्ड लाइनमध्ये कोण कोण, हे पाठ झालं आहे. कसं ते सांगतो.

तू इथे होतीस तेव्हाच मोझेसच्या मागे म्हणायच्या कद्दीशच्या प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमवताना माझी काय दशा व्हायची ते तू पाहिलंस. सुतकाचे सात दिवस लोक आले, महिनाभरही आले. मग पाळीची कामं, थंडी, मुलंबाळं. संध्याकाळी मी प्रार्थनालयाचं दार उघडून बसायचो आणि सहा माणसं यायची, कधी सात. सातांत कद्दीश म्हणता येत नाही. मी दार बंद करून घरी यायचो. पलीकडे मोरोक्कोवाल्यांचं प्रार्थनालय आहे, तिथे माणसं भरपूर. दोनदा गेलो. भली माणसं आहेत, पण त्यांची चाल वेगळी, आणि मोझेसला ओळखणारं तिथे कोणी नाही.

तू गेल्यावर एके संध्याकाळी रूबेन फिटर आणि स्टेशनवरचा एलायजा प्रार्थनेनंतर पायरीवर भांडत बसले. रूबेन हपोएलचा, एलायजा मक्काबीचा. मला कुलूप लावायचं होतं. पण घरी तरी कोण होतं? मी आत जाऊन चहा टाकला. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आले, आणखी तिघांना पंच म्हणून घेऊन. असं करत करत जूनपासून रोज दहा-बारा माणसं येतात. आधी प्रार्थना, मग कद्दीश, मग चहा आणि वाद. घरी बायका ऐकून घेत नाहीत, कॅफेत चहाला पैसे पडतात, म्हणून ही जागा त्यांना सोयीची. ते कशासाठी येतात हे मला ठाऊक आहे. मला वाईट वाटत नाही. कद्दीशच्या वेळी दहाजण मनापासून आमेन म्हणतात.

आता सीझन जवळ आल्यामुळे रोज रण माजतं. एलायजा म्हणतो मक्काबी पुन्हा पहिली येणार, लिहून घ्या. रूबेन म्हणतो, “तुझी मक्काबी म्हणजे माझ्या सासऱ्याची मोटार. गेल्या वर्षी पळाली म्हणून यंदा पळेल कशावरून?” एलायजा म्हणतो, “तुझ्या सासऱ्याकडे सायकल तरी होती का रे?” एकजण पेताह तिकवाच्या टीमचं नाव घेतो, त्याला दोघं मिळून गप्प करतात. रूबेनचं बोलणं शेवटी कूपरेजच्या मैदानावर येतं, रोव्हर्स कपच्या मॅचेस, उघड्या पायांनी खेळणारे बंगाली. मग सगळे ओरडतात, “आला कूपरेज, चला घरी!” मोझेसचा मित्र बेनी हिब्रू पेपरातलं क्रीडापान वाचून मराठीत सांगतो. एलायजाच्या टीमविरुद्ध काही असलं की तो म्हणतो, “तू पदरचं घालतोस.”

तेल अवीवच्या टीम संपल्या की गाडी आपल्या रामल्याच्या टीमवर येते. खालच्या लीगमधली का असेना, आपली. पहिल्यांदा हा विषय निघाला तेव्हा बेनी म्हणाला, “राइट विंगला माणूसच नाही. मोशे असता तर...” आणि थांबला. सगळे कपात बघायला लागले. बाहेर ही मुलं त्याला मोशे म्हणत, ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, बोला, थांबू नका. पण त्या दिवशी कोणी बोललं नाही. मी रोज विचारत राहिलो, तेव्हा हळूहळू बोलू लागले.

जूडिथ, तो चांगला खेळायचा. नुसता बरा नव्हे. रूबेन, जो कोणाला चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला, “शौलभाऊ, बॉल त्याच्या पायात आला की आम्ही उभे राहायचो. बसून बघायला जमायचंच नाही.” एकदा लोदच्या टीमविरुद्ध त्यानं अर्ध्या मैदानातून बॉल नेला, गोली पुढे आला, तर स्वतः न मारता बाजूच्या बेनीला दिला. बेनीचा तो पहिला गोल. मी बेनीला विचारलं, त्यानं स्वतः का नाही मारला? बेनी म्हणाला, “अंकल, माझी आई त्या दिवशी बघायला आली होती. त्याला माहीत होतं.” हे मला वडील म्हणून ठाऊक असायला हवं होतं. चहा घेता घेता दुसऱ्यांकडून कळलं.

मुलगा शनिवारचा शब्बाथ मोडून मैदानावर जातो म्हणून मी त्याला ताटावर बसू दिलं नाही. गेल्या वर्षी पेसाहच्या सणानंतर तो बेनीकडे राहायला गेला, आणि डिसेंबरातल्या त्या मंगळवारी रस्त्याच्या कामावर ट्रक उलटला. काहींनी मला सांत्वन म्हणून सांगितलं की शब्बाथ मोडल्याचं फळ. तो मंगळवार होता आणि मुलगा कामावर होता, एवढंच मी त्यांना म्हणालो.

आता अडचण ऐक. सप्टेंबरातल्या आपल्या नव्या वर्षाच्या सणानंतरच्या शनिवारी सीझन सुरू होतो. मॅचेस शनिवारी दुपारी. माझं अकरा महिन्यांचं कद्दीश ऑक्टोबरअखेर पुरं होतं. मध्ये सहा शनिवार येतात. शब्बाथच्या दुपारची प्रार्थना, मिन्हा, आपण कायम साडेचारला करतो. सीझन सुरू झाला की तेव्हा माझी सगळी माणसं तेल अवीवला नाहीतर इथल्या मैदानावर असणार. या सोमवारी हे रूबेनच्याच लक्षात आलं. तो सगळ्यांना म्हणाला, “सहा शनिवारांचा प्रश्न आहे. थांबायचं. मोशेसाठी एवढं नाही करणार?” सगळे हो म्हणाले. एलायजासुद्धा. पण तो म्हणाला, “थांबतो, पण पहिल्या मॅचच्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघू नका.” कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. वर्षभर उन्हात राबणारी माणसं, आठवड्यातला एक सुटीचा दिवस. ती माझ्यासाठी प्रार्थनालयात बसतील आणि मन मैदानात असेल. तसलं आमेन मला नको होतं.

दोन दिवस विचार केला. बुधवारी मी त्यांना म्हणालो की सहा शनिवार मिन्हा साडेबाराला घेऊ. प्रार्थना करा, मग जिथे जायचं तिथे जा. मी विचारणार नाही. प्रार्थना चालवणाऱ्या आपल्या हज्जाननं पुस्तक काढून पाहिलं आणि म्हणाला, मध्यान्हीनंतर अर्धा तास गेला की चालतं, काही हरकत नाही. पाच मिनिटांत ठरलं. रूबेननं माझा हात धरला. एलायजा खुशीत येऊन म्हणाला, “शौलभाऊ, एवढी सोपी गोष्ट! गेल्या वर्षी का नाही सुचली?” बेनीनं त्याला कोपरानं ढोसलं. एलायजाच्या मनात काही नव्हतं. तो बोलून गेला.

गेल्या वर्षी ती सुचली होती, जूडिथ. मला नाही, मोझेसला.

गेल्या एलूल महिन्यात, म्हणजे बरोबर वर्षापूर्वी, एका गुरुवारी मी प्रार्थनालयात एकटा दिव्यात तेल घालत होतो तेव्हा तो आला. डोक्यावर टोपी घालून आला. बसला नाही, उभ्यानंच बोलला. म्हणाला, “पप्पा, मी बाहेरगावच्या मॅचेस सोडतो. शब्बाथला गाडीत बसणार नाही. फक्त इथल्या मैदानावर खेळेन, चालत जाऊन. तुम्ही मिन्हा साडेबाराला घ्या, मी तुमच्या शेजारी उभा राहून प्रार्थना करीन आणि मग जाईन. मी हज्जानना विचारलंय, चालतं.” त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. चालतं हे मलाही ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, खेळासाठी देवाची वेळ बदलत नाही. तो दारापर्यंत गेला. मग म्हणाला, “मम्मीला सांगू का मी आलो होतो म्हणून?” मी म्हणालो, नको, ती उगाच आशा धरील. तो ‘बेसेदेर’, ठीक आहे, म्हणाला आणि गेला.

त्यानं तुला सांगितलं नाही. मी नको म्हटलं म्हणून. त्यानंतर तीन महिने तू बेनीच्या हाती डबे पाठवत होतीस, एकदा येऊन पप्पांशी बोल म्हणून निरोप धाडत होतीस, आणि तो काही उत्तर देत नव्हता. दफनाच्या दिवशी तू म्हणालीस, एकदा यायला काय झालं होतं त्याला, आईबापापेक्षा बॉल मोठा झाला. मी शेजारी बसलो होतो. ऐकलं आणि गप्प राहिलो. तेव्हापासून तू त्याच्यावर रागावून आहेस आणि मी तुला रागावू देतो आहे, कारण तो राग त्याच्यावर आहे तोवर माझ्यावर येत नाही.

त्यानं मागितलं होतं त्याहून जास्त मी बुधवारी परक्या माणसांना दिलं, चहाचा कप खाली ठेवता ठेवता.

हे सांगायला मी हा कागद घेतला. तो आला होता, जूडिथ. आपल्या पायांनी आला होता, आणि तुझ्याबद्दल विचारून गेला. त्याच्यावरचा राग आजपासून सोड. मग इकडे यायचं की नाही, ते तू ठरव. तू जे ठरवशील त्यावर मी तुला एक शब्द विचारणार नाही.

अजून तुझाच म्हणवून घेऊ दिलंस तर तुझाच,
शौल