धुतलेले दगड

६ मार्च १९९५, सोमवार. सांगली

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आटपाडीकडच्या खाणीचे दगड तपासून झाले. चोवीस तास बुडवून वजन केलं – अर्ध्या टक्क्याहून थोडंसंच जास्त पाणी शोषलं. दोन टक्क्यांपर्यंत चालतं. उत्तम काळा पाषाण! देवदत्तला प्रमाणपत्र देऊन टाकलं. तिकडच्या एका गावाच्या उंचावरच्या पाण्याच्या टाकीचं काम त्याच्याकडे आहे. माझाच विद्यार्थी, इंजिनियर झाला तरी माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही.

"मॅडम, वीस तारखेला टाकीच्या तळाचं काँक्रीट. गाव दोन वर्षं टँकरवर आहे."

म्हटलं, मग इथे कशाला उभा आहेस? जा!

काँक्रीटचे ठोकळे करून बघायला त्याच खाणीतून आणखी एक पोतं मागवलंय.

९ मार्च

पाठ धरली. कामं तशीच केली.

१२ मार्च, रविवार

खाणीवर जाऊन आले. लेखासाठी थरांचे फोटो हवे होते. आटपाडीपर्यंत एस.टी., पुढे मुकादम नाथाजीच्या मोटारसायकलवर – या वयात!

कड्यात तीन थर स्वच्छ दिसतात. वरचा नि खालचा घट्ट. मधला पुरुषभर उंचीचा मांजऱ्या दगड – भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, पाणी पिणारा. खडीच्या मशीनमध्ये मात्र तिन्ही एकत्रच जातात. म्हणजे माझ्याकडे आलेल्या पोत्यात ठिपक्यांचा दगड हवा होता. एकही नव्हता.

शेडमागे हरणाबाई बसली होती. वीस वर्षं इथेच दगड फोडते. घमेल्यात एकेक दगड चोळून धूत होती नि पोत्यात भरत होती. विचारलं, हे काय?

"तुमच्या कालिजात धाडायचं हाय न्हवं!"

"निवडून?"

"मग! पाव्हण्याला कुणी नासका आंबा देतं व्हय? ठिपक्याचा येक बी घातला न्हाई. बघा की."

नाथाजी हसायला लागला. "आवं बाई, गेल्या साली तुमीच झापलं न्हाई का मला? मातीचे दगड माझ्या टेबलावर नकोत म्हून! तवापासनं हिलाच बसवतो. लय बारीक नजर हाय तिची."

झापलं होतं. चांगलंच झापलं होतं.

घमेल्यातलं पाणी टँकरचं. प्यायचं.

मग मी स्वतः खडीच्या ढिगावर चढले. पाच ठिकाणांहून खडी घेतली, मातीसकट. नाथाजीचा चेहरा पडला. "चुकलं का काय आमचं?" मी पोत्याचं तोंड बांधलं. पोतं त्यानेच एस.टी.च्या टपावर चढवलं.

१५ मार्च

खडीचे दोन वाटे करून तपासले. एकाने चार टक्के पाणी शोषलं, दुसऱ्याने चार पूर्णांक दोन. तराजू तपासला. तराजू बरोबर आहे.

१६ मार्च

देवदत्तला बोलावलं. आज मात्र खुर्चीत बसला.

"मॅडम, वीस तारखेसाठी गावाने मंडप घातलाय. लोक मला गावात पाय ठेवू देणार नाहीत. आणि प्रमाणपत्रावर तुमची सही आहे!"

"म्हणूनच परत मागतेय."

"थोडं सिमेंट वाढवलं तर?"

"टाकी झिरपेल. आतली सळई गंजेल. दहा वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यावर कोसळेल. तिथे तू उभा राहशील?"

त्याने खिशातून प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. माझ्याकडून आवाज चढायला नको होता. चूक त्याची नाही.

१९ मार्च

नाथाजीचा फोन. मधला थर बाजूला टाकून नुसता खालचा फोडायचा तर दीड महिना जाईल म्हणतो. "हरणी इचारतीया, बाईंचा राग गेला का? आमी काय फसवलं न्हाई, बाई. मान म्हून दिलं."

सांगितलं – तिला म्हणावं, चुकलं माझं. आता मी येईन नि नमुना मीच उचलीन.

नाथाजी म्हणाला, "लय कडक हाय तुमी." हसत होता बहुतेक.

२० मार्च

टाकीचं काँक्रीट झालं नाही. दीड महिना आणखी टँकर. माझ्यामुळे.

२१ मार्च

अकरा वर्षांच्या फाइली कपाटातून काढल्या. चौदा खाणी. सगळे नमुने खाणवाल्यांनीच आणून दिलेले. प्रत्येक फाइलवर माझ्याच अक्षरात शेरा – 'नमुना स्वच्छ.'