दाखल्यासाठी केलेली दाढी

डॉक्टरसाहेब,

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी माझ्या मिस्टरांना, सिराजना, तुमच्याकडे आणलं होतं. स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून ते रोज स्वतःच्या मुलीला तिचं नाव विचारतात. तुम्ही मात्र त्यांना नाव, पत्ता, वार विचारलात. त्यांनी धडाधड सांगितलं. "हे तर ठणठणीत आहेत," म्हणालात आणि दाखला नाकारलात.

चूक माझीच. ती उत्तरं मीच आठवडाभर त्यांच्याकडून घोकून घेतली होती. मीच त्यांची दाढी करून त्यांना ईदचा शर्ट घातला होता. चार लोकांत त्यांचं हसं होऊ नये, एवढंच मनात होतं.

उद्या पुन्हा तारीख आहे. शेजारीण म्हणते, पारोसेच ने. मी दमलेय, म्हणून ऐकलंसुद्धा. आज सकाळी वस्तरा कपाटात लपवला, तर हे रोजच्यासारखे गाल पुढे करून बसले.

बिलकिस,
कसबा पेठ