पोराकडे लक्ष ठेवा

१८ जून
काल संगीता आणि ओंकारला लातूरला सोडून हदगावला परत आलो. खोली तिसऱ्या मजल्यावर. सं.ला तळमजलाच पाहिजे होता, पण जूनमध्ये लातुरात खोली मिळणं हे नवरी मिळण्यापेक्षा अवघड. गल्लीत सगळ्या आयाच. कुणी बिलोलीची, कुणी मुरुडची. प्रत्येकीचं घर गावाकडं, गॅस तिथं आणि नवरा एसटीत. आता मीही त्यातलाच.

अकरावीला ओंकार होस्टेलात होता. वाळून आला. शिवाय उन्हाळ्यात शेजारच्या होस्टेलातलं एक पोरगं गेलं. कसं, का, कुणी धड बोलत नाही. तेव्हापासून सं.च्या डोक्यात एकच, बारावीला मी जाते सोबत. क्लासचे सर म्हणाले, वर्षभर पोराकडे लक्ष ठेवा, बाकीचं आमच्यावर सोडा.

पुढं दुकान, मागं घर, आणि घरात मी एकटा. पिठलं केलं. खाण्याजोगं होतं.

२७ जून
पेरणीची झुंबड. शटर वर जायच्या आत बियाण्यासाठी माणसं पायरीवर. त्यात एक म्हातारा गेल्या साली उगवलं नाही म्हणून भांडून गेला आणि तेच बियाणं घेऊन गेला.

सं.चे फोन येत होते, उचलता आले नाहीत. संध्याकाळी लावला. ओंकार जेवला. ओंकार क्लासला गेला. ओंकारचा टेस्टमध्ये नंबर वर सरकला. तुझं कसं, विचारलं. "माझं काय, मी बसूनच तर हाय."

१५ ऑगस्ट
झेंडावंदन झाल्यावर लातूर गाठलं. खोलीच्या दाराच्या आत एक तांब्या पालथा, त्यावर पेला, पेल्यावर पळी आडवी. ही उतरंड मी सोळा-सतरा वर्षांत पाहिली नव्हती.

सं. भूकंपातली. तेव्हा चौथीत होती. धाकटा भाऊ भिंतीखाली गेला. पुढं सगळं गाव पत्र्याच्या शेडात राहायला आलं, तिथं घरोघर हाच रिवाज. निजताना भांड्यावर भांडं ठेवायचं. जमीन हलली की पळी पडेल, वाजेल, पळता येईल. लग्नानंतर हदगावलाही मांडायची. ओंकार झाला आणि सुटलं. मला वाटलं होतं, कायमचं सुटलं.

मी आपली गंमत केली. म्हटलं, आता लातुरात काही पडत नाही, पडलेच तर सोयाबीनचे भाव पडतात. हसली नाही. ओंकार पण हसला नाही. तो त्या उतरंडीवरून बरोबर पाय उचलून जातो-येतो, बघतसुद्धा नाही खाली. सवय झालीय त्याला.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "पोरगं लई गप्प गप्प राहायलंय. घास घेतंय अन् चावायचं इसरतंय." म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन असतं. बारावीतलं पोर काय लावणीला नाचणार आहे का.

७ सप्टेंबर
पालक मेळावा. दुकान नोकरावर टाकून गेलो आणि चीज झालं. सरांनी सं.ला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ. म्हणाले, ही माऊली मुलाआधी झोपत नाही आणि मूल झोपल्यावरही झोपत नाही. आई जागी तर मूल जागं. सभागृहात टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या. छाती फुगली, खोटं कशाला लिहू. मुरुडहून मेव्हणा आला होता, व्यंकटराव, सं.चा थोरला भाऊ. तो तर डोळे पुसत होता.

सं. वाळलीय. डोळ्याखाली काळं. स्टेजवर टेबलाची कड दोन्ही हातांनी गच्च धरून उभी होती. मला वाटलं, लाजली.

नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "खालून हालत होतं. तुमास्नी न्हाई कळलं?"

८ सप्टेंबर
काहीही हाललं नव्हतं. पेपरात पण काही नाही.

४ ऑक्टोबर
घरमालकीण नसीम आपांचा फोन. तळमजल्यावर त्यांच्या मालकांचं शिलाईचं दुकान आहे, बाई सहसा स्वतःहून फोन करणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, रस्त्यावरून ट्रक गेला, भांडं वाजलं आणि तुमची बायको पोराला ओढत खाली घेऊन आली, अनवाणी. आठवड्यात दुसऱ्यांदा. सगळी गल्ली गोळा झाली. सकाळी पोराची टेस्ट होती, तीही गेली.

शेवटी म्हणाल्या, "भाईसाब, तुमी सगळे बच्च्याला बगायला लागलेत. बच्च्याच्या अम्मीला कोन बगनार?"

सं.ला फोन केला. रागावलो आधी, मग समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं सोडा. पोराला कुठं तर दाखवा." हे चांगलंय. चोर सोडून संन्याशाला.

व्यंकटरावांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, ती भूकंपातली आहे, तिला सवय आहे, वर्षभर कळ काढा. परीक्षा होऊ द्या, मग बघू. हे 'मग बघू' मला पटलं. पटायला सोपं होतं.

दिवाळी, पाडवा
दोघं घरी. चार दिवस घराला घरपण. सं. मात्र घरात निजत नाही, अंगणात बाज टाकते. हवा थंड, दोन गोधड्या घेते पण आत येत नाही. झोपते का, तर तेही नाही. नुसती पडून असते, तोंड ओंकारच्या खिडकीकडं.

ओंकारचं मात्र समाधान वाटलं. कपाट आवरलं, जुनी पुस्तकं वाटून टाकली. बॅट शेजारच्या पोराला दिली, जिवापाड जपलेली बॅट. माझ्यापाशी येऊन बसला, दुकानात काय चाललंय विचारलं. जाताना पाया पडला, पूर्वी मागं लागावं लागायचं. पोरगं शहाणं झालं. एक तरी गोष्ट मार्गी लागतेय.

सं.ला म्हटलं तसं. ती नुसती बघत राहिली माझ्याकडं, जसं काही मी दुसऱ्याच कुणाविषयी बोलतोय.

२६ नोव्हें.
हरभऱ्याला घाटेअळी. औषधाच्या बाटल्यांचे बॉक्स उतरवले, ठेवायला जागा नाही, निम्मे मधल्या खोलीत लावले.

ओंकारनं दोन टेस्टचे मार्क कळवलेच नाहीत. विचारलं तर म्हणतो, सर्व्हर बंद आहे.

१२ डिसेंबर
क्लासच्या ऑफिसातून मुलीचा फोन. ओंकारची कावीळ उतरली का, कधीपासून येणार.
कसली कावीळ?
उद्या पहिली गाडी.

१३ डिसेंबर
न सांगता गेलो. क्लासच्या ऐन वेळेला ओंकार खोलीत. उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर फिजिक्स. आत सं. भिंतीकडं तोंड करून पडलेली, डोळे सताड उघडे. मला बघून उठली, केस बांधले, चहा ठेवला. साखर घालायची विसरली. पुन्हा घातली, पुन्हा घातली.

पोराला गच्चीवर नेलं. आवाज चढवणारच होतो. तो आधीच म्हणाला, "पप्पा, मी दिवाळीपासून क्लासला गेलोच न्हाई. मम्मीला एकटी सोडता येत न्हाई. मी दिसलो न्हाई की ती जिना उतरते अन् रस्त्यानं हाका मारत फिरते."

मला का नाही सांगितलं? तर म्हणाला, "तुम्ही म्हणले असते, परीक्षा होऊ दे."

आम्ही सगळे समजत होतो आई पोराला राखतेय. इथं पोरगं आईला राखत बसलंय, आणि आम्ही शाल पांघरून मोकळे. लाज वाटली. आणि भीती, तिच्याकडं बघून. हे घर कधी सरकलं आणि मला कसं कळलं नाही.

१४ डिसेंबर
इथंच राहिलो. दुकान बंद, असू दे.
नांदेडला डोक्याचे चांगले डॉक्टर आहेत, नंबर लावला परवाचा. सं. ऐकत नाही. "मला काय धाड भरली? पोराला न्या." हीच एक टकळी. मी म्हटलं, पोरगं धडधाकट आहे. तिनं ताट बाजूला सारलं.

आपा वरण-भात देऊन गेल्या. सं.नं ओंकारला भरवला. एवढा मोठा घोडा, पण तो गुमान खात होता.

१५ डिसेंबर
तोड ओंकारनंच काढली. म्हणाला, नंबर माझ्या नावावर घ्या. मी पेशंट म्हटलं तर ती येईल. मी आधी आत जातो, डॉक्टरांना मम्मीचं सगळं सांगतो, मग ते तिला बोलावतील.

पोराचं डोकं चालतं. उगाच नाही बारावीला. सं.ला सांगितलं, ओंकारला दाखवायचंय. लगेच पातळ बदलून तयार. किती महिन्यांनी तिच्या तोंडावर जरा उजेड दिसला. "कळलं म्हणायचं तुमाला," म्हणाली. मी मान डोलावली. फसवतोय याचं वाईट वाटलं, पण तिच्याच भल्याचं आहे.

१६ डिसेंबर, नांदेड
स्टँडवर बसून लिहितोय. दोघं शेजारी आहेत.

नाव सांगा म्हटल्यावर सं.नं पुढं होऊन ओंकारचं नाव सांगितलं. तो आत गेला. ठरल्याप्रमाणं थोड्या वेळात तिला बोलावतील असं वाटलं. बराच वेळ झाला. बाहेर माणसं कुरकुरायला लागली. मी मनात म्हणतोय, किती सांगतोय हा आईचं. सं. दाराकडं टक लावून बसलेली, एकदाही हालचाल नाही.

मग कंपाउंडरनं बोलावलं, पण मला. एकट्याला. ओंकारला बाजूच्या खोलीत बसवलेलं.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान. सावकाश बोलले. म्हणाले, आईचं ऐकलं, त्यांनाही आत घेतो. बऱ्याच वर्षांचं आहे, पण औषधानं झोप लागेल, त्या सावरतील. त्यांची मला फार काळजी वाटत नाही. आईचं सांगून झाल्यावर मी मुलाला विचारलं, आणि तुझं काय? तो म्हणाला, माझं काही नाही, मम्मी झोपायला लागली की मी मोकळा.

मी म्हटलं, म्हणजे अभ्यासाला मोकळा.

डॉक्टर म्हणाले, "नाही. मी त्याला सरळ विचारलं आणि त्यानं सरळ सांगितलं. त्याच्या मनात उन्हाळ्यापासून जीव द्यायचं चाललंय, होस्टेलातलं पोरगं गेलं तेव्हापासून. आई एकसारखी जागी, म्हणून जमलं नाही."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते मला आज कळलं. ऑगस्टपासून ती हेच सांगत होती. जेवत नाही, गप्प असतो, कुठं तर दाखवा. वेडी ती नव्हती. निदान त्या बाबतीत नव्हती.

पुढं म्हणाले, त्याला एकटं सोडू नका, घटकाभरसुद्धा. परीक्षेचं नाव सध्या नको. औषध सुरू करू, दर आठवड्याला आणा, वेळेत आलात, सुधारेल. घर कसं आहे, विचारलं. मी सांगितलं, पुढं शेतीच्या औषधाचं दुकान, मागं घर, आणि माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलतोय ते. ते म्हणाले, मग तिथं नेऊ नका. आधी ते सगळं हलवा.

लातूरला तिसरा मजला. हदगावला मधल्या खोलीत निम्मे बॉक्स. व्यंकटरावांना फोन लावला, मुरुडला दोघांना ठेवून घ्याल का. म्हणाले, पाहुणे आलेत घरी, परीक्षा होऊ द्या की भावजी. फोन बंद केला. नोकराला लावतोय, सगळा माल आजच्या आज कापसाच्या जिनिंगच्या गोदामात टाक म्हणून. तो उचलत नाही.

मग सं.लाही आत घेऊन तपासलं. दोघांच्या गोळ्या माझ्या खिशात. तिची रात्रीची आहे, चार-पाच दिवसांत गाढ झोप लागेल म्हणाले. तिला झोप पाहिजेच, नाहीतर ती मरेल. आणि ती झोपली की पहिल्यांदाच त्याच्यावर कुणाचा डोळा नसणार. म्हणजे आता जागायचं ते मी. मला दिवसा दुकानात बसल्या बसल्या डुलक्या येतात.

ओंकार मध्ये बसलाय. सं.नं त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरलीय, स्टँडवर लहान पोराची धरतात तशी. तो सोडवून घेत नाही. मघाशी माझ्याकडं बघून कसानुसा हसला, म्हणाला, "पप्पा, मी म्हणलो व्हतो ना, मम्मी येईल म्हणून."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सं.नं दोनदा विचारलं, ओंकारचं काय म्हणाले डॉक्टर. हदगावची गाडी लागलीय, कंडक्टर ओरडतोय. नोकराचा फोन अजून लागत नाही. गाडी जाऊ दिली.