दहावं चाक

प्रिय शंखूबाई,

या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा : तुझा पाळणा, जिन्याचा कठडा, स्वयंपाकघरातलं भिंतीत मिटणारं टेबल, सगळ्या दारांच्या बिजागऱ्या (एकही कुरकुरत नाही, येशील तेव्हा तपासून बघ), तुझ्या आईच्या चष्म्याची डावी काडी आणि माळ्यावरचं यंत्र. यातलं यंत्र सोडून बाकी सगळं कुणाही बऱ्या कारागिराला जमेल. यंत्राबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मी लपवून ठेवत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू पाठवलेले विज्ञानकेंद्राचे इंजिनिअर मंगळवारी येऊन गेले. भला माणूस. बूट काढून माळ्यावर चढला, डोकं आढ्याला आपटलं तरी हसला. तुझा फोन त्याच संध्याकाळी आला, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही आणि तुझी आई मागून सूचना देत राहते. तू विचारलंस, "बाबा, एका शब्दात सांगा, हो की नाही?" तुझी काळजी मला कळते. गुडघे, तो उभा जिना, यंत्राचं वजन ओढून ओढून धरलेला खांदा. यंत्र विकलं तर तळमजल्यावरचं घर घेता येईल, हा तुझा हिशोब बरोबर आहे. उत्तर देतो, पण शेवटी. मला पहिल्या चाकापासून सुरुवात करायची सवय आहे.

शाळा मी आठवीत सोडली आणि पाण्याची मीटरं दुरुस्त करायला लागलो, हे तुला ठाऊक आहे. यंत्राची कल्पना कुठून आली ते मात्र मी कधी सांगितलं नाही. गल्लीच्या टोकाला एक शिंपीणबाई राहायच्या. त्यांचं मीटर तपासत होतो. पाच खिडक्यांचं मीटर, पाचही खिडक्यांत नऊ. माझ्या डोळ्यांदेखत ते फिरलं आणि पाची शून्यं आली. बाई टाळी देत म्हणाल्या, "बरं झालं, माझं सगळं पाणी माफ!" मलाही हसू आलं, पण घरी येईपर्यंत ते विरलं. इतक्या वर्षांच्या अंघोळी, धुणी, तापात कपाळावर ठेवलेल्या पट्ट्या, सगळं मीटर विसरून गेलं. का, तर पुढची खिडकी नव्हती म्हणून. मला वाटलं, एक तरी मीटर असं असावं, की ज्याला खिडक्या कमी पडणार नाहीत.

पण किती खिडक्या म्हणजे पुरेशा? हे मला माझ्या वडिलांनी आधीच शिकवून ठेवलं होतं. ते सुतार. मी लहान असताना फळी घासायला बसवायचे आणि हाताच्या प्रत्येक फेऱ्याला एक नाव म्हणून घ्यायचे. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध आला की फळी उलटायची. प्रत्येक नाव आधीच्या दहापट. एकदा मी वैतागून विचारलं, एवढं मोठं कुणाला लागतं? ते म्हणाले, "कुणाला नाही. पण म्हणून काय नाव ठेवू नये?"

त्या उत्तरावर मी अजून थक्क होतो. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्यासमोर परार्ध म्हणावं असं काय होतं? धान्याचे दाणे नाहीत, आकाशातले दिसणारे तारेही नाहीत, ते तर मोजायला गेलं तर हजारांतच आटोपतात. मोजायला वस्तू नसताना त्यांनी जागा करून ठेवल्या, एकापुढे एक, अठरा. बाळ यायच्या आधी पाळणा करतात तशा. आणि कसलीही गडबड नाही, शेवटचीही पायरी पहिलीइतकीच, दहापट, बस्स. दहा दात्यांच्या चाकाने पुढचं चाक एक घर सरकवावं, तसंच. मला तर वाटतं, त्या माणसांच्या डोक्यात पितळी चाकंच फिरत असणार.

म्हणून अठरा चाकं. पहिलं सेकंदाला एक घर सरकतं. प्रत्येक दाता मी कानशीने घासला, कारण तयार चाकं घेतली तर ते माझं यंत्र कसलं? लंबक दोन लावले. एकाची साफसफाई करायची असेल तेव्हा दुसरा मोजतो, म्हणजे मोजणं थांबत नाही. इंजिनिअरसाहेब त्या जोडणीपुढे बराच वेळ उकिडवे बसले होते. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, चुकांनी. खालून तुझी आई ओरडली, "चुकांनी नाही हो, माझ्या बोलण्यांनी!"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नावाच्या पट्ट्यांची गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. मी ठोकणीने अक्षरं उठवत होतो, डोळे पितळेवर, आणि नावं वाचून दाखवायचं काम तिचं. तिने कागद बाजूला ठेवला, मला काय येत नाही का म्हणाली, आणि पाठ म्हणू लागली. पण पाठ तिच्या माहेरचं, हिंदी. इकाई, दहाई, सैकड़ा. मी ऐकत होतो आणि हाताने आपली नावं उठवत होतो. अरब म्हणाली, मी अब्ज उठवलं, दोन्ही दहाव्या घरात, काही बिघडलं नाही. पुढे ती "दस अरब" म्हणाली. मला वाटलं, चुकली, तेव्हा ती पट्टी कोरी सोडली. मग खरब म्हणाली आणि मी बाराव्या पट्टीवर खर्व ठोकून मोकळा झालो. तिथून पुढे तिचं ऐकलंच नाही, माझं मीच म्हणत सुटलो. शेवटी पट्ट्या लावायला घेतल्या तर अकराव्या चाकाला नाव नाही आणि परार्धाला चाक नाही!

मग जे भांडण झालं ते विचारू नकोस. ती म्हणे, तुमच्याकडे दस अरबला खर्व म्हणतात, म्हणजे तुमच्या पूर्वजांना घाईच फार. मी म्हणे, तुमचं पद्म सोळाव्या घरात जाऊन बसतं, आमचं महापद्म तेराव्यातच येतं, आणि त्यात पुन्हा तुमच्याकडे नील, ते काय धुण्याचं? दोन दिवस आमच्यात फक्त टोले ऐकू येत होते, तिचे भांड्यांवर, माझे पितळेवर. शेवटी मी पट्ट्यांच्या दोन ओळी केल्या. वरची तिची, हे तिने ठरवलं. आणि दोन्ही ओळी लावून झाल्यावर आम्ही दोघांनी त्या वाचून बघितल्या. दहाव्या चाकापर्यंत तिची आणि माझी मोजणी हातात हात घालून चालते. तिथून वाटा फुटतात. माझा शंकू येतो तेव्हा तिच्याकडे नील, माझं अंत्य येतं तेव्हा तिच्याकडे पद्म. आणि अठराव्या चाकावर, वर शंख, खाली परार्ध. दोघं बरोबर एकाच घरात. तुझी आई म्हणाली, "बघा, एवढं फिरून आलो ते एकाच दारात." ती यंत्राला सवत म्हणते, पण त्या दिवसापासून तिच्या पट्ट्या ती स्वतः पुसते. माझा खांदा गेल्यापासून वजनही तीच वर ओढते. हे तुला सांगू नका असं तिने बजावलंय, म्हणून लिहितोय.

तुझं नावही तिथूनच पडलं. तू दोन्ही ओळी पाठ केल्यास आणि तुला सगळं शंखभर हवं असायचं. शंख चॉकलेटं, शंख गोष्टी, आणि ताप आला तेव्हा "मला शंख कंटाळा आलाय." अठराव्या चाकावर बोट ठेवून तू विचारायचीस, हे कधी हलणार? मी गणित करून सांगितलं होतं, तीनशे सतरा कोटी वर्षांनी. तू मान डोलावून म्हणालीस, "मग जेवून येऊ या." आता त्यातली पुढची गोष्ट सांगतो, ती मला नंतर पुस्तकात वाचून कळली. विश्वाचं जे वय विद्वान सांगतात, ते सेकंदांत मांडून बघितलं. विश्वाच्या पहिल्या क्षणापासून हे यंत्र चालू असतं, तर शेवटच्या चाकावर आज चार दिसले असते. फक्त चार. पुढची पाच घरं अजून रिकामी. म्हणजे माझे वडील एका फळीच्या एका बाजूला जेवढं म्हणून घेत होते, तेवढ्यात सगळं विश्व मावतं आणि वर जागा उरते. मी पेन्सिल खाली ठेवली आणि त्या चाकाकडे बघितलं. ते हलत नव्हतं. पण त्याच्याइतकं जागं मला दुसरं काही वाटलं नाही.

आता इंजिनिअरसाहेबांचं. त्यांना यंत्र आवडलं, हे मी मानतो. केंद्राच्या मोठ्या दालनात काचेमागे ठेवणार, माझं नाव लावणार. फक्त दोन बदल. लंबक काढून मोटर बसवायची, आणि मुलांनी बटण दाबलं की सगळी चाकं शून्यावर येऊन भरभर धावायची. "दोन मिनिटांत अब्ज दाखवता येईल, काका! नाहीतर शेवटची चाकं हलताना कोण बघणार?" मी विचारलं, शून्यावर आणलं तर आत्ता जे मोजून झालंय त्याचं काय? ते म्हणाले, "ते आकडे काय, कुठून तरी सुरू झालेलेच ना?"

त्यांची चूक नाही. तूही तेच समजतेस. तू विचारायचीस, हे काय मोजतं, मी म्हणायचो, सेकंद. कुणाचे, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. वाटायचं, मुलीच्या खांद्यावर चाकांचं ओझं कशाला? तू वैतागून म्हणायचीस, "बाबा, या यंत्राकडे बघता तेवढं माझ्याकडे बघा ना!" तेव्हा तुझी आई माझ्याकडे बघून हसायची, आठवतं? ती का हसायची ते आता सांगतो. तू जन्मलीस तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. तुझं पहिलं रडणं दाराआडून ऐकू आलं आणि मी कळ दाबली. नर्सबाई म्हणाल्या, "लोक बाळाचं तोंड बघायला धावतात, हे गृहस्थ घड्याळ बघतायत." तोंडही बघितलं, पोटभर बघितलं. मग घरी आलो. यंत्र दशसहस्राच्या चाकावर एक लावून तयार ठेवलं होतं. स्टॉपवॉचने दहा हजार सेकंद दाखवले त्या क्षणी लंबक सोडला. तेव्हापासून ते थांबलेलं नाही. त्याच्यावर जो आकडा आहे ती तू आहेस, शंखूबाई.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी दहा वाजून एकतीस मिनिटांनी, नऊही खिडक्यांत नऊ दिसतील आणि दहावं चाक पहिल्यांदा हलेल. वर अरब, खाली अब्ज. तिथवर तुझ्या आईची आणि माझी मोजणी एकच आहे. दहा चाकं एकदम फिरवायला लागणारा जोर यंत्राने आजवर कधी लावलेला नाही. वजन वाढवलंय, दाते तपासलेत, तरी खात्री देत नाही. एखाद्या बोटाचा रेटा द्यावा लागलाच, तर ते बोट तुझं असावं. म्हणून हे पत्र. नऊ तारखेच्या आत ये. गुडघ्यांचं आणि जिन्याचं त्यानंतर काय ते तू ठरव, मी ऐकेन. यंत्राचं मात्र ठरलं आहे. इंजिनिअरसाहेबांना मी नाही म्हणालो. ते पंचवीस लाख देत होते. आपल्या यंत्रावर ही रक्कम सातव्या चाकापर्यंत पोचते. तेवढे सेकंद तर तू एका महिन्यात जगून टाकतेस.

तुझाच,
बाबा