बिनगोड द्राक्षासव

प्रिय गोदा,

आज दुपारी मी दारू प्यालो. हे मोकळेपणी सांगावं असं घरात दुसरं कोणी नाही, म्हणून तुला लिहितो आहे. कपाळाला हात लावू नकोस, आधी ऐकून घे.

तुझ्या दुखण्यात आमच्या रेल्वेच्या पारशी डॉक्टरांनी सांगितलेली ती फ्रान्सच्या तांबड्या दारूची बाटली आठवते? अंगात रक्त नाही, रोज औषधाचा पेलाभर घ्या, म्हणाले होते. कर्जत स्टेशनात घाटासाठी दुसरं इंजिन जोडेपर्यंत साहेबलोक जिथे जेवतात, तिथल्या गोवेकर बटलरकडून मी ती आणली. आणि तू ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीस! पडवीत भाताच्या तुसात पुरून ठेवायला लावलीस. तू गेलीस, बाटली राहिली.

आज ती उकरून काढली. बूच काही केल्या निघेना, तेव्हा रवीच्या दांड्याने आत ढकललं. ओतायची कशात? तुझ्या भांड्यांना हात लावायची छाती झाली नाही, करवंटी घेतली.

रंग थेट कोकमाच्या आगळासारखा. वास ओल्या लाकडाचा, थोडा जांभळाचा. मला वाटलं, द्राक्षांची म्हणजे सरबतासारखी असेल. कसलं काय! गोडाचा मागमूस नाही. कच्चं जांभूळ चावल्यासारखी तोंडाला मिठी बसली. हे साहेबलोक हौसेने पितात? थुंकणारच होतो, तेवढ्यात मागून आंबूस चव आली आणि छातीत ऊब उतरली. दुसरा घोट भाजक्या शेंगदाण्यांबरोबर घेतला, तो बरा लागला. तिसरा चक्क आवडला. कान तापले, पण झिंग म्हणतात ती काही चढली नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

आणि मग लक्षात आलं. ही चव ओळखीची होती! गूळ आणि धायटीची फुलं वजा केली की मागे उरतं ते तुझं द्राक्षासव. वैद्यबुवांचं ते तू डोळे मिटून घ्यायचीस, वर चमचा चाटायचीस. तेही द्राक्षं मुरवूनच करतात ना गं? मग वैद्याचं चालतं आणि डॉक्टरचं बाटवतं, हा कुठला न्याय? तू असतीस तर भांडलो असतो. आता कोणाशी भांडू?

बाटली का उघडली, ते सांगतो. आपली यमू बाळंतपणाला आली आहे. मुलगी झाली, नाक अगदी तुझं. पण सोयर फिटून गेलं तरी यमूच्या अंगात रक्त नाही. उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी येते. तेच डॉक्टर, तेच औषध. मी विषय काढला तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आईने प्राण सोडला, पण थेंब घेतला नाही. मग मी कशी घेऊ, बाबा?"

बघ, काय करून ठेवलंस!

बाळाला न्हाऊ घालणारी चांगुणा मलाच बोलते. "नुसतं बघत काय बसलाय भाऊ? अशानं पोर उठायची नाय. तुमी बाप ना तिचे, दटावा की!"

दटावून ऐकायला ती काय माझ्यावर गेली आहे? मला भीती वाटते, गोदा. एकदा हे सगळं पाहून झालं. पुन्हा पाहायची ताकद माझ्यात नाही.

उद्या अविधवा नवमी. तुझ्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. भटजींना विचारलं, तर लग्न झालेली लेक परगोत्राची, चालेल म्हणाले. बाकीचं त्यांना विचारलं नाही. यंदा यमूलाच तुझ्या पाटावर बसवतो, पाठीला लोड देऊन. सवाष्णीला वाढलेलं तुला पोचतं आणि तिने पानात काही टाकायचं नसतं, हे तिला तूच शिकवलंस. भटजींची पाठ वळली की खिरीच्या वाटीशेजारी त्या बाटलीतला पेला ठेवीन आणि सांगेन, यमू, हे तुझ्या आईला वाढलंय.

शब्द देतो, ती पिईपर्यंत मी समोरून हलणार नाही. तेव्हा तू नाही म्हणालीस. उद्या तिच्या तोंडाने तरी घे. आपली लेक जगायला हवी.

तुझा,
सदाशिव